वाटेत निवळतं

रंगाऱ्याचं नाक लांब होतं आणि ते त्याने जन्मभर वर धरलं. सूत रंगवायचा कारखाना बापाकडून आलेला, बापाचा लाल रंग बाजारात नावाजलेला, म्हणून आपल्याला तेवढा हक्क आहे असं तो समजायचा. पण गेलं वर्षभर नाक वर धरलं तरी वास, खाली धरलं तरी वास, अशी बिचाऱ्याची गत झाली होती. बिचारा आपलं बोलायची पद्धत म्हणून. नाकाने कांदे सोलणाऱ्या माणसाची कीव करा असं आपल्याला कुणी सांगितलेलं नाही.

वास यायचा मागच्या भिंतीपलीकडून. तिथे त्याची सख्खी धाकटी बहीण होती. बापाने जाताना पुढचा कारखाना मुलाला दिला आणि मागचं गोदाम मुलीला. मुलगी तेव्हा सासरी होती, त्यामुळे गोदाम आज ना उद्या आपल्याच घशात पडणार हे रंगाऱ्याने धरून ठेवलेलं. तिथे आणखी दोन कढया कुठे बसवायच्या, हेही त्याने मनात आखून ठेवलं होतं. आणि एके दिवशी ही बया नवऱ्याला रामराम ठोकून, बोचकं काखोटीला मारून गोदामाच्या दारात हजर.

"चार दिवस राहा आणि दादल्याकडे परत जा," रंगारी म्हणाला.

"चार दिवस तू राहा माझ्या नवऱ्याकडे," ती म्हणाली. "मग बोलू."

पुढे तिने जे मांडलं ते पाहून रंगाऱ्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली. कोळंबी सोलायच्या कारखान्यातून फेकून दिलेली सालं, खेकड्यांची कवचं, नांग्या, डोकी, सगळं ती हातगाडीवर लादून आणायला लागली. गल्लीने तिचं नाव पाडलं सालवाली. सालं धुवायची, पातळ ॲसिडात टाकायची, की त्यातला चुना फसफसून निघून जायचा. मग कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात उकळायची, की चिकटलेलं मांस सुटायचं. मागे उरायचा कवचाचा चिवट गाभा, त्याला म्हणतात कायटिन. तो आणखी दाट कॉस्टिकमध्ये शिजवून, धुऊन वाळवला की पांढरट पापुद्रे हाताला लागायचे. ते पापुद्रे व्हिनेगरसारख्या आंबट पाण्यात विरघळायचे आणि त्यांचा बुळबुळीत रस व्हायचा. मलमपट्ट्या बनवणारा एकजण ते पापुद्रे न्यायचा, कारण त्याच्या पट्टीने जखमेचं रक्त लवकर थांबायचं. रोपवाटिकावाली बियांना लेप द्यायला न्यायची. फळवाला फळांवर त्या रसाचा पातळ हात फिरवायचा, की माल जास्त दिवस टिकायचा.

"उकिरड्यातून औषध काढते म्हणे!" रंगारी जेवताना म्हणायचा. "उद्या म्हणेल उंदराच्या शेपटीतून अत्तर काढते."

"गिऱ्हाइकं तर येतात," बायको म्हणायची.

"तू तिची वकील आहेस का?"

"मी काही नाही. मी आपली पोळी वाढत्ये."

भिंतीच्या वरच्या अंगाला जाळीचा एक झरोका होता. तेवढ्यातून काय तो बहीणभावाचा संवाद. हा स्टुलावर चढायचा, रुमालाने नाक दाबायचा आणि ओरडायचा, "ए बाई! ती मढी एकदाची पुरून टाक!" खालून उत्तर यायचं, "आधी तुझी जीभ पुर, मग बघू." गोदामात पाऊल टाकायचं नाही अशी त्याने शपथच घेतली होती. ती शपथ त्याने पाळलीही. नाही ते नेमकं पाळायची त्याला खोडच होती.

आता रंगाऱ्याचं खरं दुखणं सांगतो, कारण गोष्ट तिथेच अडली आहे. सूत रंगवून धुतलं की लाल पाणी निघतं. ते पाणी कारखान्याच्या हौदात पडायचं, हौदातून भिंतीखालच्या पन्हळीने बहिणीच्या गोदामात जायचं, तिथल्या खड्ड्यातून पुढे गल्लीच्या गटारात. गटाराच्या तोंडाशी इन्स्पेक्टर येऊन बाटली भरून न्यायचा. पूर्वी ती बाटली लाल भरायची. मग इन्स्पेक्टरने तंबी दिली, की पुन्हा रंगीत पाणी दिसलं तर कारखान्याला टाळं. तेव्हा रंगाऱ्याने हौदात वाळू आणि कोळशाचे थर भरले, आणि काय आश्चर्य, पुढच्या खेपेला बाटली काचेसारखी स्वच्छ! तेव्हापासून दर खेपेला स्वच्छ. रंगाऱ्याची छाती अशी फुगली की सदऱ्याची बटणं तटतटायला लागली. न्हाव्याकडे बसला की हौदाच्या गोष्टी, कुलूपवाल्याकडे गेला की हौदाच्या गोष्टी.

कारखान्याचा मुकादम म्हातारा आणि खरं बोलायच्या वाईट सवयीचा. तो एकदा म्हणाला, "मालक, हौदातून पन्हळीत जातं ते पाणी अजून लालच असतं बरं का."

"मग गटारात पांढरं कसं पडतं?"

"तेच तर मला कळत नाही."

"कळत नाही ना? मग गप बस. वाटेत निवळतं."

वाटेत निवळतं! वाट कुणाच्या दारावरून जाते, एवढं विचारायला किती अक्कल लागते? पण जे आपल्या फायद्याचं असतं त्याची चौकशी माणूस करत नाही.

मग एक दिवस गालिचे विणणाऱ्या मोठ्या कंपनीचा माणूस सूत बघायला आला. लाल लडी त्याने उजेडात धरली, मान डोलावली, काम दिलं. आणि निघता निघता भिंतीकडून वाऱ्याची झुळूक आली. माणसाने तोंड दाबून धरलं, धावत बाहेर गेला आणि कुलूपवाल्याच्या पायरीशी ओकला. काम गेलं नाही, पण "मालाला हा वास लागला तर परत करू," असं तो बजावून गेला. रंगाऱ्याला तेवढं निमित्त पुरे झालं. त्याने अर्ज लिहिला आणि दारोदार सह्या मागत हिंडला. 'सडक्या दुर्गंधीने आम्हा रहिवाशांचे जिणे नकोसे झाले असून' अशी त्यातली सुरुवात त्याला फार आवडली होती. ती तो प्रत्येक दारात मोठ्याने वाचून दाखवायचा. कुलूपवाल्याने सही केली, न्हाव्याने केली, समोरच्या इस्त्रीवालीने जरा आढेवेढे घेऊन केली.

इन्स्पेक्टर आला, गोदामात डोकावला, डोळे पुसत बाहेर आला आणि म्हणाला, "चौकशी होईपर्यंत बंद." दाराला कुलूप लागलं, कुलपावर लाखेचं सील. सगळी गल्ली बघायला जमली होती. सालवाली एक बोचकं आणि खांद्याला पिशवी एवढं घेऊन बाहेर पडली. रडली नाही, भांडली नाही. रंगारी रुमाल नाकाला लावून उभा होता, त्याच्यासमोर येऊन थांबली.

"दादा, एकदाच विचारते. पाण्याचं काय करणार आहेस?"

"कसलं पाणी? पाणी आता तुझ्या डोळ्यांत यायला हवं."

ती त्याच्याकडे बघून हसली. ते हसू चांगलं नव्हतं. "बरं," म्हणाली आणि न्हाव्याच्या दुकानावरच्या भाड्याच्या खोलीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इस्त्रीवालीच्या बोंबेने गल्ली जागी झाली. तिची धुतलेली चादर गटारात पडली होती आणि पांढरी चादर उचलली तेव्हा लाल झाली होती. गटार या टोकापासून त्या टोकापर्यंत लालभडक. रंगारी अर्ध्या दाढीनिशी धावत बाहेर आला. बघतो तर बापाचा नावाजलेला रंग राजरोस वाहत चालला होता.

"घात केला मेलीने!" तो ओरडला. "जाताना काहीतरी करून गेली!" आणि तसाच, गालाला साबण लागलेला, जिना चढून बहिणीच्या खोलीत घुसला.

ती चहा पीत होती. त्याला बस म्हणाली नाही.

"पाण्यात काय कालवलंस?"

"आज काही नाही कालवलं. म्हणून तर लाल आहे."

तिने कप खाली ठेवला. "तुझा हौद म्हणजे नुसती वाळू आहे रे. मातीचे कण अडतात त्यात, रंग नाही अडत. तुझं लाल पाणी पन्हळीतून माझ्या खड्ड्यात येत होतं. मी रोज त्याला जरा आंबटसर करत होते, माझ्या पापुद्र्यांचा रस ओतत होते, ढवळत होते. रंगाचे गोळे होऊन तळाशी बसायचे. वरचं पाणी मी गटारात सोडत होते आणि खालचा गाळ वाळवून पोत्यात भरत होते. वर्षभर."

"वर्षभर?" मग त्याच्या मनात एक मूर्खासारखी आशा आली आणि ती त्याने बोलूनही दाखवली. "म्हणजे तू... माझ्यासाठी?"

"तुझ्यासाठी?" ती एवढ्या जोरात हसली की खाली न्हाव्याचा वस्तरा थांबला असेल. "तुझ्यासाठी मी थुंकी पण वाया घालवणार नाही. अरे, मला घाण हवी होती, घाण! गिऱ्हाइकाला दाखवायला. हे बघा येताना कसं येतं, हे बघा जाताना कसं जातं. दुसऱ्या कारखान्यांचे लोक येऊन बघून जायचे. एवढं गडद, एवढं हट्टी घाणेरडं पाणी दुसरीकडे फुकट कुठे मिळणार? तुझ्याइतका उपयोगी भाऊ मला शोधून सापडला नसता."

रंगाऱ्याच्या कानशिलांतून वाफा निघाल्या. पण कामं अंगावर होती, कढया तापलेल्या होत्या, आणि इन्स्पेक्टरची पाण्याची फेरी याच आठवड्यात होती. तो हात पुढे करून म्हणाला, "तो रस दे."

"गोदामात आहे. सीलबंद. तूच केलंस."

"दुसरा कर."

"कशात करू? चहाच्या कपात?" मग ती उठून खिडकीशी गेली आणि पाठ करूनच बोलली. "एक वाट आहे. ज्या ज्या दारात तो अर्ज वाचलास त्या दारात जा. सांग की तक्रार मागे घेतो. आणि हेही सांग की माझा परवाना वर्षभर माझ्या बहिणीच्या सालांवर चालला होता, हौदावर नाही. इन्स्पेक्टरसमोरही तेच सांग. गोदाम उघडलं की पाणी दुपारपर्यंत पांढरं करून देते. घाण मलाही हवीच आहे."

सरळ रस्ता होता. कडू होता, पण सरळ होता. बापाचा कारखाना वाचत होता. एखादा शहाणा माणूस त्याच पावली न्हाव्याकडे उतरला असता आणि बोलून मोकळा झाला असता. पण न्हाव्याकडे बसून ज्याने हौदाच्या बढाया मारल्या, त्याच खुर्चीत बसून आता हे बोलायचं? कुलूपवाला हसणार, इस्त्रीवाली हसणार. रंगाऱ्याला ते हसणं आत्ताच ऐकू यायला लागलं.

"नाक कापून हातात देऊ का तुझ्या?" तो म्हणाला.

"नको. वास येईल."

जिना उतरता उतरता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. काय मोठं केलं हिने? सालंच ना शेवटी? सालं रंग खातात. मग सालं मला मिळत नाहीत की काय! हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, पण त्याला ती युक्ती वाटली.

दुपारी कोळंबीच्या कारखान्यातून गाडी भरून सालं आली. रंगाऱ्याने ती मिरच्या कुटायच्या यंत्रावर भरडून आणली आणि मुकादमाला म्हणाला, "ओत हौदात."

"कच्चीच? मालक, ताई तर ती उकळून, धुऊन..."

"ताई ताई करू नकोस! पगार ताई देते का?"

"पाणी कोमट आहे मालक. ही सडतील."

"वाटेत निवळतं," रंगारी दात खात म्हणाला आणि पहिली पाटी त्याने स्वतःच ओतली.

कच्च्या सालात चुना असतो, मांस असतं, त्यांच्याखाली कायटिन दडून बसलेलं असतं. ते रंगाला काय धरणार? पाणी लालच राहिलं. आणि कढयांतून येणाऱ्या कोमट पाण्यात सालं अशी काही फुगली, अशी काही आंबली, की दुसऱ्या दिवशी हौदावर राखाडी साय धरली आणि तिच्यातून बुडबुडे फुटायला लागले. सालवालीच्या गोदामाचा वास त्याच्यापुढे अत्तर होता हो! तिची सालं ताजी असायची, आल्या आल्या धुतली जायची. ही मेलेली, सडलेली, रंगात शिजलेली. वाळत घातलेल्या सुताच्या लडींना तो वास बसला तो कायमचा. बायकोने दुपारी कपडे बांधले.

"कुठे चाललीस?"

"माझ्या बहिणीकडे. तिला नाक आहे, आणि ती ते कुणाच्या कामात खुपसत नाही."

रंगाऱ्याने हौद उपसायला माणसं बोलावली. माणसं दारापर्यंत आली आणि परत गेली. मग तो स्वतः घमेलं घेऊन हौदात उतरला. मुकादम वरून घमेली घेत होता, मान वळवून, एक शब्द न बोलता. त्या न बोलण्याचा रंगाऱ्याला जास्त राग आला. कोपरापर्यंत हात लाल झाले, ओकाऱ्या काढून काढून पोट रिकामं झालं, आणि हौदातली साय जितकी काढावी तितकी तळातून वर येत राहिली. बापाच्या वेळी याच हौदाच्या काठावर बसून आपण लडी मोजायचो हे त्याला आठवलं, आणि रडू आलं. रडायला श्वास घ्यावा लागतो, म्हणून रडताही येईना.

इन्स्पेक्टर आला तो एकटा आला नाही. त्याच्यामागे कुलूपवाला होता, न्हावी होता, इस्त्रीवाली होती, आणि इन्स्पेक्टरच्या हातात अर्ज होता. त्याने तो वाचायला सुरुवात केली, "सडक्या दुर्गंधीने आम्हा रहिवाशांचे जिणे नकोसे झाले असून..."

"हे माझं आहे!" रंगारी हौदातून ओरडला.

"चांगलं लिहिलं होतंस," कुलूपवाला म्हणाला. "पुन्हा कशाला मेहनत घ्यायची?"

गटाराच्या तोंडाशी बाटली भरली गेली. लाल, वरून तवंग. इन्स्पेक्टर म्हणाला, "तंबी आधी देऊन झाली आहे." त्याने कारखान्याच्या दाराकडे बोट केलं आणि कुलूपवाल्याने पिशवीतून नवं कोरं कुलूप काढलं. तेव्हा रंगाऱ्याने तोंड उघडलं. हौदातून वर येऊन, निथळत, लाल हात जोडून, ज्याला चार दिवसांपूर्वी तिच्या खोलीत हो म्हणता आलं असतं ते सगळं तो गल्लीसमोर बोलला. की परवाना बहिणीच्या सालांवर चालला होता. की हौद नुसती वाळू आहे. की तक्रार मागे घेतो. बोलताना त्याने नाकाला रुमाल लावला नव्हता.

कुणी हसलं नाही. तेवढं आधी कळलं असतं तर!

"ते गोदामाच्या चौकशीत सांगा," इन्स्पेक्टर म्हणाला. "त्यांचं उघडेल. हे नाही उघडणार. हे पाणी तुमचं आहे."

तेवढ्यात सालवाली आली. नाकाला रुमाल, खांद्याला पिशवी. भावासमोर उभी राहिली आणि पिशवीतून एक रिकामी काचेची बाटली काढून पुढे केली.

"भर."

"काय?"

"हौदातलं. साय बाजूला सारून, खालचं. उद्या दुसऱ्या कारखान्याचे लोक यायचे आहेत, आणि कुलूप लागलं की मला घाण मिळणार नाही."

रंगाऱ्याने बाटली घेतली. तिला त्याच्याकडून दुसरं काहीच नको होतं, आणि त्याच्याकडे द्यायला दुसरं काही उरलंही नव्हतं. तो पुन्हा हौदाच्या काठावर वाकला, साय हाताने सारली आणि बाटली बुडवली. तिने ती उजेडात धरली. "बाबांचाच लाल," म्हणाली. "रंग मात्र बरा धरतोस." मग पिशवीतून औषधाच्या बाटलीएवढ्या दोन कुप्या काढल्या. गिऱ्हाइकाला दाखवायला बाळगायची तेवढ्याच. एकीतून चार थेंब आंबट पाणी, वर दुसरीतून बुळबुळीत रसाची धार. बूच लावून बाटली हलवली आणि थांबली.

सगळी गल्ली बघत होती. लाल पाण्यात आधी धुकं आलं, मग धुक्याचे गोळे झाले, गोळे हळूहळू खाली उतरले. वर पाणी राहिलं. पलीकडे उभ्या इस्त्रीवालीचा चेहरा त्यातून स्वच्छ दिसत होता. जे वर्षभर भिंतीपलीकडे रोज घडत होतं, ते रंगारी आज पहिल्यांदा बघत होता.

"ती बाटली मला दे," तो म्हणाला. "राहू दे माझ्याकडे."

"कशाला?" तिने बाटली रुमालात गुंडाळली. "घाण खाली बसल्यावर तुझं त्यात काय उरलं?"

ती गेली. कुलूपवाल्याने कडी ओढली. रंगारी दाराला हात टेकून उभा होता, तिथे लाकडावर लाल पंजा उमटला. इन्स्पेक्टरने लाखेची कांडी पेटवली आणि म्हणाला, "जरा बाजूला व्हा. दाराला हात लावू नका."